करुणेची आवक-जावक

शिक्केसाहेबांना करुणा शिकायला बरोबर तीन महिन्यांची मुदत मिळाली होती. मुदत देणारं कार्यालय घरचंच होतं आणि तिथे अपिलाची सोय नव्हती.

झालं होतं एवढंच, की एका सकाळी त्यांची छत्री सापडेना. छत्री जागेवर नाही म्हणजे ती कुणीतरी हलवली, आणि घरात दोनच माणसं असताना एकाने हलवली नसेल तर दुसऱ्याने हलवली, हे उघड होतं. शिक्केसाहेबांनी हे सगळं जिन्यात उभं राहून, इमारतीच्या तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मुद्देसूद मांडलं. घरातल्या बेशिस्तीपासून सुरुवात करून ते एकवीस वर्षांपूर्वी हरवलेल्या कात्रीपर्यंत येऊन पोचले, तेव्हा तळमजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई दार उघडून म्हणाल्या, "साहेब, छत्री तुमच्याच हातावर लटकलीय."

दुसरा कुणी असता तर ओशाळून हसला असता. शिक्केसाहेब म्हणाले, "तो मुद्दा वेगळा आहे," आणि छत्री घेऊन ऑफिसला गेले.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा त्यांच्या पत्नी टेबलाशी बसल्या होत्या. इमारतीत त्यांना सगळे वहिनी म्हणत, आपणही तेच म्हणू. वहिनी रडलेल्या नव्हत्या की रागावलेल्याही नव्हत्या. शिक्केसाहेबांना तेच जरा खटकलं.

"मी धाकटीकडे जाणार आहे," वहिनी म्हणाल्या. धाकटी म्हणजे त्यांची बहीण. मोठ्या घरात एकटीच राहायची.

"किती दिवस?"

"दिवसांचं नाही. राहायलाच."

शिक्केसाहेबांनी छत्री खुंटीला अडकवली, परत काढली, परत अडकवली.

"लगेच नाही," वहिनी पुढे म्हणाल्या. "तिच्याकडे वरच्या खोलीचं काम चाललंय, त्याला तीन महिने लागतील. त्या महिन्याच्या तीस तारखेला पाच वाजताची गाडी सांगून ठेवलीय. तोवर तुम्हाला माणसात यायला जमलं तर बघा. नाही जमलं तरी मी भांडायची नाही. माझा खांदा आधीच धरलाय."

खांद्याचा इथे काय संबंध, असं शिक्केसाहेबांच्या अगदी ओठावर आलं होतं, पण ते बोलले नाहीत. ते घाबरले होते. बत्तीस वर्षांच्या संसारात वहिनी कितीदा तरी "मी निघून जाईन" म्हणाल्या होत्या, पण गाडीची वेळ त्यांनी कधी सांगितली नव्हती. शिक्केसाहेबांनी कॅलेंडरची पानं उलटून त्या तीस तारखेभोवती लाल गोल केला.

आता शिक्केसाहेबांना शिक्केसाहेब का म्हणत, ते सांगायला हवं. ते पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक विभागात होते, एकोणतीस वर्षं. बाहेरून आलेला कागद घ्यायचा, त्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, आवक वहीत चढवायचा, आणणाऱ्याला पोच द्यायची आणि कागद संबंधितांकडे पाठवायचा. बाहेर जाणाऱ्या कागदाचं हेच उलट बाजूने. कागदात काय लिहिलंय ते वाचणं हे त्यांचं काम नव्हतं, आणि जे आपलं काम नाही ते करणाऱ्यांपैकी ते नव्हते. एकोणतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद गहाळ झाला नव्हता आणि एकही वाचला गेला नव्हता.

त्याच सवयीने, मुदतीच्या पहिल्याच आठवड्यात आलेल्या एका पत्रकावर त्यांनी शिक्का मारला आणि मग, घाबरलेला माणूस काहीही करतो म्हणून, ते चक्क वाचलं. 'चित्ताला वळण लावण्याचा वर्ग. मैत्री आणि करुणा रोजच्या जगण्यात. दर रविवारी सकाळी, ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये.' रविवारी शिक्केसाहेब वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन बसले.

शिकवायला एक भन्ते होते. भगवी वस्त्रं, जाड भिंगांचा चष्मा, आणि सारखं हसू यायचं त्यांना. शिक्केसाहेबांना हसतमुख शिक्षकाबद्दल मुळात शंका, पण बाकी माहिती व्यवस्थित होती. भन्ते म्हणाले, "श्वास आत घेताना समोरच्याचं दुःख आत घ्या. सोडताना तुमच्यापाशी जे चांगलं असेल ते त्याला देऊन टाका. राग आला, की त्याच्यावर हेच करायचं. रोज, थोडं थोडं."

शिक्केसाहेबांनी हात वर केला. "म्हणजे आवक आणि जावक."

भन्ते खूप हसले. "हो, तसंच म्हणा की!"

या एका वाक्याने पुढचं सगळं रामायण घडलं. भन्तेंना बिचाऱ्यांना कल्पना नव्हती, की आपण कुणाला परवानगी देतोय.

"सुरुवात कुठून करायची?" शिक्केसाहेबांनी विचारलं.

"जवळून."

"जवळ म्हणजे साधारण किती अंतर?"

भन्ते या वेळी हसले नाहीत. "जिथे लगेच दुखतं तिथून," ते म्हणाले. शिक्केसाहेबांनी तेही लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

घरी येताना त्यांनी जाड पुठ्ठ्याच्या तीन वह्या आणल्या. रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, दुःख कुणाचं, दुःखाचा तपशील, आत घेतल्याची वेळ, बाहेर सोडल्याची वेळ, शेरा. ऑफिसातून बाद झालेला, ऑफिसच्या नावाचा एक जुना 'प्राप्त'चा शिक्का त्यांच्याकडे पडून होता. टाकवेना म्हणून घरी आणला होता. तो पुसून घासून वह्यांशेजारी ठेवला. वह्यांना जागा हवी होती हाताशी येईल अशी, कोरडी, दार लागणारी. अशी जागा घरात एकच होती, स्वयंपाकघरातल्या कपाटाची खालची फळी. तिथे चहा, साखर, पीठ, मीठ असे चौदा डबे होते. शिक्केसाहेबांनी स्टुलावर चढून ते चौदाच्या चौदा सगळ्यात वरच्या फळीवर रांगेत लावले, आकारानुसार.

वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. हल्ली त्या काहीच बोलत नसत. शिक्केसाहेबांना हे आपल्या करुणेचं पहिलं फळ वाटलं.

त्यांनी फाटकापासून सुरुवात केली. फाटक इमारतीला सगळ्यात जवळ. आवक क्रमांक एक: वॉचमन, गुडघा. क्रमांक दोन: पोस्टमन, उन्हात चालणं. क्रमांक पाच: समोरून उलट्या बाजूने गाडी घालणारा इसम, नाव माहीत नाही, दुःख बहुधा घाई. शिक्केसाहेब डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचे, वेळ टिपायचे, लांब श्वास सोडायचे, वेळ टिपायचे. आठ दिवसांत त्यांचा सरासरी वेळ चाळीस सेकंदांवर आला.

क्रमांक नऊ मात्र सोपा नव्हता. त्यांच्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एक वकील राहत. सकाळी सहा वाजता ते दोरीवरच्या उड्या मारत आणि शिक्केसाहेबांच्या छतावरचा पंखा थरथरत असे. या उड्यांवरून गेली सहा वर्षं दोघांत पत्रव्यवहार चालू होता. शिक्केसाहेबांनी दात आवळून लिहिलं, 'वकील. दोरी. दुःख: बहुधा पोट सुटल्याचं.' श्वास घेतला, सोडला. शेऱ्यात लिहिलं, 'जावक केली. उड्या चालू.' असं अकरा दिवस केल्यावर त्यांना वाटलं, समोरच्याला निदान कळवायला तरी हवं. ते वर गेले आणि म्हणाले, "मी तुमचं दुःख घेत असतो. रोज."

"कुठलं दुःख?" वकील म्हणाले. "आणि कुठल्या अधिकारात?"

शिक्केसाहेबांनी नोंद दाखवली. वकिलांनी ती दोनदा वाचली. "माझ्या माघारी, माझी बाजू न ऐकता, माझ्या नावावर पोट चढवलंत तुम्ही? मला याची नक्कल पाहिजे. सहीशिक्क्यानिशी."

"पोट नसेल तर दुरुस्ती करून देतो," शिक्केसाहेब म्हणाले. चुकीची नोंद त्यांना कधीच सहन होत नसे. "योग्य तपशील सांगा."

वकील काहीतरी कडक बोलणार होते. त्याऐवजी ते खुर्चीवर बसले. "मुलगा फोन करत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. सहाला उठायचो आम्ही दोघं, व्यायामाला. आता मी एकटाच उड्या मारतो."

शिक्केसाहेबांनी 'पोट' खोडलं, बारीक सही केली आणि वर 'मुलगा' लिहिलं. वकील तासभर बोलत राहिले. निघताना शिक्केसाहेबांनी सवयीने विचारलं, "पोच हवी का?" वकील म्हणाले, "अर्थात." तेव्हा त्यांनी खाली येऊन चिठ्ठीवर क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि ती वर नेऊन दिली. वकिलांनी ती पाकिटात जपून ठेवली.

वकिलाकडे गेलेला कागद गुप्त राहत नाही. आठवड्याभरात शिक्केसाहेबांच्या दाराशी माणसं येऊ लागली. आधी एक-दोन, मग जिना भरेल इतकी. आपलं दुःख कुणीतरी लिहून घेतं, मधे बोलत नाही, सल्ला देत नाही आणि वर शिक्का मारलेली पोच देतं, ही सोय आजवर त्या भागात नव्हतीच. शिक्केसाहेबांनी संध्याकाळी सहा ते आठ अशी वेळ ठरवली. ती ठरवल्याबरोबर तक्रारी सुरू झाल्या.

"चौतीस नंबर एकतिसाच्या आधी कसा गेला?"

"वयस्कर लोकांना वेगळी रांग पाहिजे."

"आमचं तातडीचं आहे हो. तातडीचा शिक्का नाही का?"

वकिलांनी सुचवलं, की दुःखाची व्याख्या आधी ठरवून घ्या, नाहीतर लोक नुसता वैतागही आणून देतील. वॉचमनने सुचवलं, की फाटकाशी एक पेटी ठेवा. एका बाईंनी शेजारणीचं दुःख भरून आणलं आणि शेजारणीने हरकत घेतली. शिक्केसाहेब कुणावर एकदाही ओरडले नाहीत. नळाच्या तक्रारीवरही ते कधी ओरडत नसत. कागदावर ओरडायचं कशाला?

येणाऱ्या सगळ्यांना वहिनी चहा करून देत. त्या स्वयंपाकघरात असत आणि नर्सबाई रोज दोन वेळा तळमजल्यावरून चढून यायच्या, स्वयंपाकघरात जायच्या, पाच मिनिटांत परत खाली. शिक्केसाहेबांना वाटायचं, बायकांचं काहीतरी चालत असेल.

एके संध्याकाळी नर्सबाई स्वयंपाकघरातून थेट त्यांच्या टेबलासमोर येऊन बसल्या. "माझंही घ्या लिहून."

"बोला."

"रोज दोनदा जिना चढावा लागतो, माझे गुडघे गेलेत. एका बाईचा खांदा धरलाय, उजवा. हात खांद्याच्या वर जात नाही. आणि तिच्या नवऱ्याने चहासाखरेचे डबे नेऊन ठेवलेत सगळ्यात वरच्या फळीवर. ती बोलत नाही त्याला. बोलून उपयोग नाही म्हणते. मग मी येऊन काढून देते."

शिक्केसाहेबांनी लिहिता लिहिता च्च केलं. "कसला माणूस म्हणायचा हा!"

"मी तेच म्हणते," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"पत्ता?"

"जवळच."

शिक्केसाहेबांनी 'जवळच' असं लिहिलं, क्रमांक एकशे बारा टाकला आणि पोच पुढे केली. नर्सबाईंनी ती घेतली, मग त्यांच्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं आणि कपाळाला हात लावून खाली गेल्या. शिक्केसाहेबांना वाटलं, बाईंना मोकळं वाटलं असावं.

दोन महिने झाले तेव्हा त्यांनी पहिली वही भन्तेंना नेऊन दाखवली. भन्ते पानं उलटत हसायला लागले, ते इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "छान, फार छान," ते म्हणाले. "वॉचमनचा गुडघा कसाय आता?"

"ते बघितलं नाही. नोंद झालेली आहे."

"आणि घरी कसं काय?"

"घरी अगदी शांतता आहे."

"अच्छा," भन्ते म्हणाले. वही मिटून त्यांनी दोन्ही हातांनी परत केली आणि त्यानंतर त्या दिवशी ते हसले नाहीत. शिक्केसाहेबांना वाटलं, आपली प्रगती बघून ते गंभीर झाले असावेत.

तीस तारखेला आठवडा उरला असताना ऑफिसात भानगड झाली. वास्तविक ती शिक्केसाहेबांनी स्वतःच्या हाताने केली. एक अर्ज आला. त्यांनी तो घेतला, शिक्का मारला, नंबर टाकला, न वाचता मुख्य अभियंता बाईंकडे पाठवला. तासाभराने बाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"हे वाचलंत का?"

"नाही बाई. वाचणं माझ्याकडे नाही."

बाईंनी मोठ्याने वाचलं. " 'माझं दुःख आपल्या कार्यालयाने आवक क्रमांक एकोणनव्वद अन्वये स्वीकारलं आहे. पोच सोबत जोडली आहे. तीस दिवस उलटूनही त्यावर कोणतीही कारवाई झालेली नाही, तरी खुलासा व्हावा.' पोचेवर शिक्का आपला आहे. हे काय आहे?"

अर्जदार पूर्वी टायपिंग क्लास चालवणारे एक काका होते. क्लास बंद पडल्यापासून आपल्याला कुणी काका म्हणून हाक मारत नाही, हे त्यांचं दुःख. शिक्केसाहेबांना ते ऐकून आठवलं, की त्या काकांसाठी आपण चाळीस सेकंद श्वास घेतला होता. पण शिक्का ऑफिसचा, म्हणजे कागद ऑफिसचा, आणि ऑफिसचा कागद निकाली काढावाच लागतो. बाईंनी तो गळती विभागाकडे पाठवला. गळती विभागाने 'यात पाणी कुठे आहे?' असा शेरा मारून परत केला. बिल विभागाने 'ग्राहक क्रमांक नमूद नाही' म्हणून परत केला. शेवटी बाईंनी वैतागून एका कनिष्ठ अभियंत्याला स्थळपाहणीला धाडलं. तो काकांच्या घरी दोन तास बसला, चहा प्यायला, जुनी टायपिंगची यंत्रं पाहिली आणि अहवाल दिला: 'अर्जदाराशी चर्चा केली. अर्जदार समाधानी. तथापि दर पंधरा दिवसांनी पाहणी आवश्यक.' बाईंनी तो बराच वेळ वाचला आणि मंजूर केला.

शिक्केसाहेबांना मात्र मेमो मिळाला. बाद शिक्का आणि सर्व वह्या एकतीस तारखेला सकाळी जमा कराव्यात. एकोणतीस वर्षांत पहिला मेमो. त्यांनी तो स्वतःच आवक करून घेतला, स्वतःच्या नावाने पोच फाडली आणि खिशात घातली. सगळ्या जगाचं दुःख आत घेणाऱ्या माणसाला मेमो देतात, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पण एक गोष्ट मनात पक्की होती. घरची परीक्षा ते उत्तीर्ण होणार होते. तीन महिन्यांत ते एकदाही ओरडले नव्हते, आणि पुरावा म्हणून दोनशे चौदा नोंदी होत्या, तारखेनिशी, वेळेनिशी. तीस तारखेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते तीन वाजता घरी आले. वह्या वहिनींसमोर ठेवायच्या, काही बोलायचं नाही, त्यांना स्वतः बघू द्यायचं, असं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

दारात दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. वहिनी टेबलाशी चष्मा लावून बसल्या होत्या आणि तिन्ही वह्या त्यांच्यासमोर उघड्या होत्या.

"दोनशे चौदा," वहिनी म्हणाल्या.

"हो," शिक्केसाहेब नम्रपणे म्हणाले.

"सकाळपासून वाचतेय. वॉचमनचा गुडघा आहे. वकिलांचा मुलगा आहे. तो उलट्या बाजूने गाडी घालणारा, त्याचीसुद्धा घाई आहे."

"कुणाला वगळलं नाही."

"मी शोधत होते."

"काय?"

"मला."

शिक्केसाहेबांना उत्तर येत होतं. ते चटकन आलंही. "अगं, तू घरातली. कार्यालयातल्या कार्यालयातला कागद कुठे आवक करतात?" ते म्हणाले, आणि म्हणताना ते त्यांनी स्वतःच ऐकलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यांनी च्च केलं असतं.

"एका ठिकाणी आहे मी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मधली वही उलटी फिरवून पुढे सरकवली आणि बोट ठेवलं. डाव्या हाताचं. "एकशे बारा."

शिक्केसाहेबांनी ते वाचलं. अक्षर त्यांचंच होतं, टपोरं, एकही खाडाखोड नसलेलं. एकोणतीस वर्षांत आपल्याच हातची नोंद त्यांनी पहिल्यांदा नीट वाचली. खांदा, उजवा. हात वर जात नाही. नवऱ्याने डबे वरच्या फळीवर. बोलून उपयोग नाही म्हणते. पत्ता: जवळच. शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात, त्यांनीच लिहिलं होतं: 'बाईची जावक झाली. नवऱ्याविषयी करुणा येत नाही. प्रयत्न चालू.'

त्यांनी ते परत एकदा वाचलं. मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले, स्टूल ओढलं आणि वर चढले. एकेक डबा घेऊन खाली उतरायचे, खालच्या फळीवर ठेवायचे, परत चढायचे. चौदा वेळा. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, तीन महिन्यांपूर्वी उभ्या होत्या तशाच.

"चहाचा पुढे ठेवा," त्या म्हणाल्या. "मागे ठेवलात तर वाकावं लागतं."

त्यांनी पुढे ठेवला. मग स्टुलावरच बसले. "कधीपासून दुखतोय?"

"छत्रीच्या आधीपासून. सांगितलं होतं."

"ऐकलं होतं," शिक्केसाहेब म्हणाले. "घेतलं नव्हतं. आता सांग. सगळं सांग."

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला आले होते. त्यांनी पिठाच्या डब्याशेजारी टेकून बोलायला सुरुवात केली. खांद्यापासून निघाल्या आणि खूप मागे गेल्या, कात्रीच्याही मागे. त्या कात्रीचं खरं काय झालं तेही त्यांनी सांगितलं, आणि ते शिक्केसाहेबांना शोभणारं नव्हतं. शिक्केसाहेबांनी पेन घेतलं नाही. घड्याळ पाहिलं नाही. दोनदा "तो मुद्दा वेगळा आहे" असं तोंडात आलं आणि दोन्ही वेळा त्यांनी ते गिळलं. ते गिळणं फार जड गेलं. वहिनी बोलत होत्या तशी त्यांच्या छातीत काहीतरी कळ येत होती, आणि ती चाळीस सेकंदांत जात नव्हती.

पाचला खाली हॉर्न वाजला.

"वह्या उद्या ऑफिसात द्यायच्यात म्हणालात ना परवा?" वहिनी उठत म्हणाल्या.

"हो. मेमो आहे."

"देऊ नका. लोकांनी विश्वासाने सांगितलंय."

शिक्केसाहेबांनी मान हलवली. "शिक्का देतो. वह्यांतलं ज्याचं त्याला वाचून दाखवतो आणि पानं परत करतो. बाईंना लिहून देईन, चूक माझी होती म्हणून. बघू काय करतात ते."

वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, चष्म्यातून आणि मग चष्म्याच्या वरून. मग पर्स उचलली, डाव्या हाताने. "राहतेस का?" शिक्केसाहेबांनी विचारलं. असं विचारायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे आवाज फार बारीक निघाला.

"धाकटीने खोली रंगवून घेतलीय," वहिनी म्हणाल्या. "जाते मी."

शिक्केसाहेबांनी दोन्ही बॅगा उचलल्या. उजव्या खांद्याची बाजू मोकळी राहील अशा बेताने ते वहिनींच्या बरोबरीने एकेक पायरी उतरले. नर्सबाई दारात उभ्या होत्या. वकील वरच्या कठड्यावरून वाकून बघत होते. कुणी सल्ला दिला नाही, हे त्या इमारतीत पहिल्यांदाच घडत होतं. बॅगा गाडीत ठेवून झाल्या, वहिनी बसल्या, शिक्केसाहेबांनी दार हळू लावलं.

वहिनींनी काच खाली केली. "पंधरा दिवसांनी येईन," त्या म्हणाल्या. "पाहणीला."

"कसली पाहणी?"

"डबे कुठे आहेत ते बघायला. आणि तुम्ही कुठे आहात ते." मग त्या हसल्या, थोड्याच, आणि गाडी गेली.

शिक्केसाहेब रस्त्यातच उभे होते. नर्सबाईंनी जवळ येऊन घडी घातलेली चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. आवक क्रमांक एकशे बारा, प्राप्त. "हे घ्या परत," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे सुटले. पण साहेब, हे निकाली निघालं म्हणायचं का?"

"नाही," शिक्केसाहेब म्हणाले. "अजून चालू आहे."

ते वर आले. वह्या मिटून ठेवल्या, खालच्या फळीवर नाही, टेबलाखाली. चहाचा डबा हाताशी होता, पण चहा करावासा वाटला नाही. ते वहिनींच्या खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि भन्तेंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं, जवळून सुरुवात केली. लगेच दुखलं.